बरा झालेला माणूस कुठे राहतो?

आजारी माणूस दवाखान्यात आपणहून येतो. बरा झालेला येत नाही, आणि त्याने का यावं? पण औषधाच्या अभ्यासाचं सगळं गणित शेवटी या दुसऱ्या माणसावर येऊन थांबतं. त्याला शोधून काढणं हे बरीच वर्षं माझं काम होतं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर नव्या गोळ्यांचा अभ्यास चालला होता, तिथे मी समाजसेविका होते. नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लांबलचक होता. पेशंट ताई म्हणायचे, ओपीडीतले वॉर्डबॉय 'ट्रायलवाली मॅडम'.

कामाला लागले तेव्हा वाटलं होतं की कठीण भाग संमतीचा असेल. संमतीपत्र पानंच्या पानं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो, अंगठ्याशेजारी त्याची सही लागते. 2013नंतर नव्या औषधांच्या अभ्यासात संमती घेताना चित्रीकरण करण्याचा नियम आला, तेव्हापासून टेबलावर कॅमेराही आला. कॅमेरा लागला की बाया पदर सावरून बसायच्या आणि प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणायच्या. त्या 'हो'ला काही अर्थ नाही हे आम्हालाही कळायचं, म्हणून कॅमेरा लावण्याआधी चहा पीत पुन्हा एकदा सगळं बोलायचो. सगळ्यात समजावायला अवघड म्हणजे गट पाडणं. कोणाला कुठलं औषध हे डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो, हे एका ड्रायव्हर काकांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, म्हाडाची लॉटरी भरलीय दोनदा. त्यात बी असंच सांगतात."

पण लोक नाही म्हणत नसत, कारण दुसरा पर्याय त्यांनी शेजारपाजारी पाहिलेला असायचा. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचा जुना उपचार म्हणजे दीड ते दोन वर्षं रोज मूठभर गोळ्या, आणि त्यातले पहिले काही महिने कानामायसिनसारखं इंजेक्शन. त्या इंजेक्शनाने कितीकांचे कान गेले. बेडाक्विलिन हे नवं औषध 2016 साली देशातल्या मोजक्या सहा केंद्रांवर मिळू लागलं, त्यात मुंबई होती. मग फक्त तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी, 6 महिन्यांत हा टीबी बरा होतो का, हे तपासणारे अभ्यास आले. 6 महिने आणि सुई नाही, एवढं ऐकल्यावर लोक पेन मागायचे.

उपचार चालू असेपर्यंत माझं काम सोपं होतं. खोकला, ताप, उतरलेलं वजन त्यांना आमच्याकडे आणायचं. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या ठोक्यांत फरक पडू शकतो म्हणून ठरल्या दिवशी ईसीजी, लिनेझोलिडने रक्त कमी होतं आणि पायांना मुंग्या येतात म्हणून दर वेळी रक्त आणि तळपायाला कंपनकाटा लावून बघणं. पायाची जळजळ लोक सांगायचे नाहीत. सांगितलं तर गोळी बंद करतील ही भीती. मी चपला बघायला शिकले. ज्याने बूट सोडून एकदम मऊ सपाता घातल्यात, त्याला डॉक्टरांपुढे आधी बसवायचं.

क्लोफाझिमिन मात्र लपत नसे. या गोळीने त्वचा तांबूस-काळपट होते, महिनोन्महिने तशी राहते. कुष्ठरोगाच्या औषधांतली ही जुनी गोळी, टीबीत पुन्हा वापरात आली. पुरुष दोन दिवस कुरकुरायचे. एका लग्नाच्या मुलीच्या आईने मात्र मला सरळ सांगितलं, की टीबीने मेली असती तर लोक चार दिवस बोलले असते, ही अशी दिसली तर जन्मभर बोलतील. डॉक्टर समजावत होते की रंग हळूहळू उतरतो. आईला लग्नसराई माहीत होती, तिला 'हळूहळू' परवडणारं नव्हतं. ती चुकीचं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही.

खरं काम सुरू व्हायचं ते गोळ्या संपल्यावर. अभ्यासाच्या वेळापत्रकात उपचार 6 महिन्यांचा आणि त्यानंतरचा पाठपुरावा त्याहून लांब, वर्षभर किंवा जास्त. टीबी उलटला तर बहुतेक वेळा औषध थांबल्यावरच्या पहिल्या वर्षभरात उलटतो, म्हणून. शिवाय बेडाक्विलिन गोळी बंद केली तरी शरीरातून जाता जात नाही. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेपाच महिने लागतात. गोळी संपली म्हणजे औषध संपलं असं नव्हे.

आमच्या मुख्य संशोधक बाईंना नव्या माणसाला जुनी उदाहरणं सांगायची सवय होती. टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शनाची त्यांनी सांगितलेली गोष्ट मी नंतर पुस्तकात काढून वाचली. 1948 साली ब्रिटनमधल्या अभ्यासाचा निकाल छापून आला. इंजेक्शन मिळालेल्या 55 जणांपैकी 6 महिन्यांत 4 दगावले, नुसती अंथरुणावरची विश्रांती दिलेल्या 52 जणांपैकी 14. इथेच थांबले असते तर चमत्कार झाला म्हणून सगळे मोकळे झाले असते. पण 5 वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटातले 32 आणि दुसऱ्यातले 35 गेलेले होते. एकटं औषध दिल्याने जंतू त्याला निर्ढावले होते. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं का देतात, याचं उत्तर त्या 5 वर्षांत आहे, 6 महिन्यांत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. 1956 साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या झोपडीत, औषधं दोघांना तीच, वर्षभर. तोवर सगळ्यांची समजूत अशी, की टीबीला स्वच्छ हवा, दूधअंडी आणि खाट हवी. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असं सॅनेटोरियम होतंच. 1959 साली निकाल आला: घरी राहिलेले सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले, आणि घरच्यांना त्यांच्यामुळे जास्त लागण झाली नाही. जगभर सॅनेटोरियमं रिकामी होण्याला या निकालाचा मोठा हातभार लागला. पण मला अप्रूप वाटतं ते पुढचं. त्यांनी त्या लोकांचा माग 5 वर्षं ठेवला. मोबाइल नाही, आधार नाही, मद्रासच्या गल्लीबोळांतली माणसं. त्यांची पत्त्यांची वही कुणी मला दाखवली असती तर मी रांगेत उभी राहून बघितली असती.

आमची वही अशी होती: एका माणसामागे दोन फोन, एक गावचा पत्ता, एक नातेवाईक, एक वाणी किंवा चहाची टपरी. वाणी सगळ्यात भरवशाचा, कारण उधारी असते. तरी माणसं हरवायची. मुंबईत घरभाड्याचा करार 11 महिन्यांचा असतो. उपचार सुरू झाला त्या खोलीत पाठपुरावा संपेपर्यंत राहिलेली कुटुंबं थोडी. गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत घरमालक डिपॉझिट वाढवतो, माणूस दोन रोड पलीकडे जातो, आणि नवा पत्ता जुन्या शेजाऱ्याला सांगत नाही, कारण जुन्या शेजाऱ्याला आजार कळलेला असतो. मे महिन्यात निम्मे गावी. गणपतीत कोकणातले गायब. स्वस्त प्लॅन निघाला की सिमकार्ड बदललं.

आणि दारात जाऊन बोलायचं काय? आजाराचं नाव घ्यायचं नाही, रुग्णालयाचं नाव घ्यायचं नाही, हे एथिक्स कमिटीने मान्य केलेल्या कागदात लिहिलेलं. गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये, हातात फाइल नाही. दार उघडणाऱ्याला फक्त स्वतःचं नाव आणि 'त्यांना फोन करायला सांगा'. परकी बाई एका पुरुषाला भेटायला आली आणि कारण सांगत नाही, यावरून एका घरात चांगलाच तमाशा झाला. त्या बायकोला शेवटी त्यानेच खरं सांगितलं. टीबी ऐकून ती शांत झाली. कमिटीतल्या सामान्य नागरिकांच्या वतीने बसणाऱ्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत यावर बराच वेळ घेतला, आणि पुढे मी प्रत्येकाला उपचार चालू असतानाच विचारून ठेवू लागले: घरी आले तर मी तुमची कोण लागते? कुणी विम्यावाली केलं, कुणी बचतगटवाली, कुणी गावाकडची. ज्याने त्याने आपलं नातं आपण लिहून दिलं.

माणूस सापडला तरी अर्धंच काम. बरा झालेला खोकत नाही, आणि आम्हाला हवा बेडका. थुंकी नको, छातीतून आलेला बेडका. "ताई, येतच नाही तर देऊ कुठून?" हा प्रश्न मी इतक्यांकडून ऐकलाय की झोपेत उत्तर देईन. मग खारट पाण्याची वाफ देऊन खोकला आणायचा. कधी परळला हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आसपास राहणारा एखादा चालत यायचा, वाफ घ्यायचा, थोडंफार द्यायचा. तो नमुना प्रयोगशाळेत 42 दिवस ठेवून बघतात तेव्हा कुठे 'जंतू नाहीत' म्हणता येतं.

त्या लग्नाच्या मुलीने रुग्णालयात यायचं बंद केलं होतं. घरी येऊ नका, असंही सांगितलं. पण फोन उचलायची. तिनेच तोडगा काढला. सकाळी घरी बेडका काढायची, डबी नीट बंद करून कुर्ल्याला स्टेशनबाहेर आणून द्यायची. मी तीन थरांत बंद करून बर्फाच्या पेटीत घालायची आणि टॅक्सीने निघायची. एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "पापलेट काय?" मी हो म्हटलं. तिचे सगळे नमुने वेळेत पोचले. रंगही उतरला, तिच्या आईच्या हिशेबापेक्षा उशिरा.

एक गृहस्थ मधुमेहाचे. साखर वाढलेली असेल तर टीबी उलटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे त्यांच्याकडे आमचं विशेष लक्ष. पण मधुमेह दुसऱ्या ओपीडीत, वेगळ्या दिवशी, वेगळ्या केसपेपरवर. टीबीसाठी एक खाडा, साखरेसाठी दुसरा. आम्ही प्रवासखर्च देत होतो, बुडालेली रोजी त्यात बसत नसे. त्यांनी साधा निर्णय घेतला: खोकला जाईपर्यंत टीबीची ओपीडी, आणि साखरेची कधीच नाही. त्यांचा आजार उलटला. साठवून ठेवलेल्या पहिल्या जंतूशी नवा जंतू जुळवून बघतात, जुनाच परतला की बाहेरून नवा लागला हे कळायला. त्यांचा जुनाच निघाला. अभ्यासाच्या भाषेत ही फार मोलाची नोंद. घरच्यांशी बोलताना मी तो शब्द वापरला नाही.

टीबीच्या बऱ्याच अभ्यासांत एक नियम असतो, तो मला सुरुवातीला अन्यायाचा वाटायचा. पाठपुराव्यात हरवलेला माणूस निकाल मोजताना अपयशाच्या बाजूला धरतात. कारण सरळ आहे: न आलेल्यांना बरे समजलं तर कुठलंही औषध छान दिसेल. पण याचा अर्थ असा, की एखादा ठणठणीत होऊन सुरतेला कामाला लागला आणि आम्हाला सापडला नाही, तर कागदावर औषध त्याच्या बाबतीत हरलं. डॉक्टर आकडे बघायचे, मी त्या आकड्यांत सुरत, जालना, जौनपूर बघायची.

निकाल छापून आला तोवर आमचा करार संपत आला होता. असे निकाल रुग्णांना सहसा कोणी कळवत नाही. बाईंनी कमिटीची परवानगी घेऊन कळवायचं ठरवलं आणि यादी माझ्याकडे दिली. फोन लागतील त्यांना सांगत गेले, की तुम्ही घेतल्यात त्या गोळ्या चालल्या. बहुतेकांनी 'बरं बरं' म्हटलं आणि भाचीच्या अ‍ॅडमिशनचं किंवा आईच्या गुडघ्याचं विचारलं. जरीकाम करणारा एक पोरगा तेवढा खोदून बोलला. शेवटच्या भेटीच्या वेळी तो गावी होता. परत आला तेव्हा मुदत उलटून गेलेली.

"म्हणजे मी पास का नापास?"

मी म्हटलं, तुझी छाती पास आहे, शेवटचं पान कोरं आहे.

"मग मला कुठल्या बाजूला धरलं?"

मी सांगितलं.

तो चिडला. शिव्या मला नव्हत्या, गावच्या बसला होत्या. मग म्हणाला, "आता देतो ना बेडका. रविवारी येतो, सुट्टी आहे."

रविवारी ओपीडी बंद असते, आणि अभ्यासही बंद झालाय, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग सोमवारी खाडा करतो, तुम्ही कुणाला तरी विचारून ठेवा.