लंडनमधील एक वेगळी खरेदी

१/ परभणीहून लंडनला जाणाऱ्या प्रवाशाच्या यादीत टॉवर ऑफ लंडन, ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी सहसा असतेच. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी विद्यार्थ्यासाठी मात्र हे शहर म्हणजे प्रामुख्याने त्या म्युझियममधील वाचनालय आणि खरेदी म्हणजे पुस्तके, असे समीकरण होते.

२/ भीमराव आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी प्रवेश घेतला. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने येत होता. ते जहाज टॉर्पेडोने बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राने गिळले.

३/ मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

४/ म्युझियमचे गोल घुमटाचे वाचनालय १८५७ मध्ये खुले झाले होते. कार्ल मार्क्सने तेथेच अभ्यास केला होता. आंबेडकर सकाळीच तेथे जात आणि बंद होईपर्यंत वाचत बसत. जेवणावरचा खर्च वाचवावा लागे.

५/ १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या राजधानीतून हिंदुस्थानच्या चलनाचे धोरण ठरे, तेथेच बसून त्यांनी त्या धोरणाची चिकित्सा केली.

६/ १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे.

७/ त्या वर्षांत परभणी निजामाच्या राज्यात होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्याला शिकण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले, त्याने मराठवाड्यातील मुलांसाठी ज्ञानाचे दार त्यांच्याच मुलखात उघडले.