तुळशीबागेपलीकडील आमची शाळा

पुण्यांत अमुक एका विद्येचा वर्ग नाहीं, असें म्हणण्याची सोय नाहीं. सदाशिव व नारायण पेठांत जुन्या वाड्यांच्या जागीं ज्या इमारती उठल्या आहेत, त्यांचे जिने पाहावे. मोडी लिपीपासून संस्कृत संभाषणापर्यंत सर्वांच्या पाट्या तेथें दृष्टीस पडतात. अशाच एका पाटीवर ‘लोकरीचें विणकाम व क्रोशे : नवशिक्यांसाठीं’ हीं अक्षरें वाचून आम्ही वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं जिना चढलों.

त्याचें कारण घरांत होतें. आम्हां तिघां भावांचे संसार अद्याप एकाच स्वयंपाकघरांत नांदतात. या घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर बारशाच्या दिवशीं टोपडें चढलें, तें थोरल्या वहिनींच्या हातचें. अशीं अकरा टोपडीं झालीं. पुढें काचबिंदूनें वहिनींची दृष्टि गेली. यंदा पुतण्याकडे पाळणा हलणार असें कळलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “या खेपेस बाजारचें आणा.” तो स्वर आम्हांस ऐकवेना. घरच्या सुना नोकरीच्या; रिकामे काय ते आम्ही.

साहित्य घेण्यास तुळशीबागेंत गेलों. नारो आप्पाजी खिरे यांनीं पेशवाईंत उभारलेल्या राममंदिराभोंवतीं जो बाजार वाढला, त्यांत आमचें जाणें आजवर रामनवमीपुरतेंच. तेथें पहिला धडा मिळाला. सुयांचा नंबर जसा वाढावा तशी सुई बारीक व्हावी, असा या शास्त्राचा उलटा न्याय! आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, तर दहा नंबरची सव्वातीन. शिवाय ‘लोकर’ म्हणून जें मिळतें, त्यांतील पुष्कळसें मेंढीच्या अंगावरचें नसून कारखान्यांतील अ‍ॅक्रिलिकचें असतें, हेंही दुकानदारानें न विचारतां सांगितलें. प्रामाणिक गृहस्थ!

वर्गांत आम्ही नऊजण होतों. महाविद्यालयांतील मुली, बँकेंतील एक बाई, व संगणकाच्या कामानें मान आंखडलेला एक तरुण. शिक्षिका वयानें आमच्या धाकट्या विद्यार्थिनींएवढ्या. “काका, टाका गळफांसासारखा आवळूं नका,” हें त्यांचें पहिलें वाक्य. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबडी रेघ ओढलेल्या मनुष्यास तें किती झोंबलें, तें काय सांगावें!

मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. आणि तेही निराळे नव्हेत. सुलट टाका पाठीमागून पाहिला कीं तोच उलट. एक ओळ सुलट व एक उलट विणली, तर गुळगुळीत वीण होते, पण तिच्या कडा आपोआप वळतात. सर्वच ओळी सुलट विणल्या, तर कापड सपाट राहतें. क्रोशाची तऱ्हा वेगळी. ‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंच भाषेंत लहानसा आंकडा. त्यांत साखळी, मुका खांब, खांब असें चढत जावयाचें. एका वेळीं एकच फांस सुईवर जिवंत असतो, म्हणून एक टाका निसटला तरी फारसें बिघडत नाहीं. दोन सुयांवर मात्र सर्व ओळ जिवंत, आणि एक टाका गळाला कीं खालपर्यंत शिडी पडते.

येथें आमच्यांतील शास्त्री जागा झाला. ‘ओतप्रोत’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षें ताण्याबाण्याचें उदाहरण देऊन शिकविला. बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यास हें सर्व कशांत विणलें आहे असें विचारते, तें मागाचें रूपक. पण मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. येथें एकच धागा स्वतःच्याच फांसांतून स्वतः निघतो, आणि मराठीनें दोन्ही क्रियांस ‘विणणें’ हें एकच नांव दिलें आहे. हें शिक्षिकाबाईंस सांगितलें, तेव्हां त्यांनीं शांतपणें ऐकून आमचे टाके मोजले. बहात्तर घातले होते, ऐंशी भरले.

सुलट टाका घेतांना धागा मागें हवा, उलट घेतांना पुढें. तो फिरविण्याचें विसरलें, कीं सुईवर एक आगंतुक टाका चढतो व कापडांत भोंक पडतें. आमच्या टोपड्याचें सूप होऊं लागलें होतें. लाजेनें तें पिशवींत कोंबून आम्ही घरीं परतलों.

लाजेचें आणखी एक कारण सांगितलेंच पाहिजे. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि तेथें शिक्षण व हस्तकला घेऊन कित्येक निराधार स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, हा पाठ आम्ही वर्गांत रंगवून सांगत असूं. आणि त्याच काळांत वहिनींच्या हातीं सुया पाहून, “हा रिकामपणाचा उद्योग,” असें त्यांच्यासमक्ष बोललों होतों. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांच्याकडून हें शिकावें, असें पुढें कोणासच सुचलें नाहीं. आम्हांसही आधीं सुचली ती रस्त्यावरची पाटी.

त्या सायंकाळीं पिशवी वहिनींच्या मांडीवर ठेविली. त्यांनीं विणलेल्या तुकड्यावरून आंगठा फिरविला, पुन्हा मागें नेला. “भाऊजी, येथें चौथ्या ओळींत टाका वाढला आहे. आणि हा पुढचा उलट पडला आहे, सुलट हवा होता.”

“आतां काय करावें?”

“उसवा. धागा मी गुंडाळतें.”

आम्ही ओढीत गेलों, त्या गुंडाळीत गेल्या. पंधरा दिवसांचें काम पांच मिनिटांत गुंडी होऊन त्यांच्या हातांत बसलें. मग बहात्तर टाके त्यांनीं स्वतः घातले, मनांत मोजून. आम्ही डोळ्यांनीं मोजले, बरोबर बहात्तर.

वर्ग आम्ही सोडला नाहीं. नवें काय तें तेथें शिकतों व घरीं आणून दाखवितों. परवां धाकट्या सूनबाई कचेरींतून आल्या त्या चहाचा पेला घेऊन तेथेंच बसल्या, आणि म्हणाल्या, “मोठ्या आई, मलाही टाके घालून द्या ना.” वहिनींनीं सुयांची पिशवी मागितली. त्यांतील दोन्ही जोड्या चांचपून बारीक जोडी आमच्याकडे सारली, आणि जाड जोडी सूनबाईंच्या हातीं दिली.

बारसें फाल्गुनांत आहे.