बापुडं

तापाने चार दिवस अंथरुणाला खिळले होते. उशाशी लॅटिनचं व्याकरण. ‘मिसेर’ म्हणजे दुःखी. त्याचं लहान, लाडकं रूप ‘मिसेल्लुस’. स्त्रीलिंगी ‘मिसेल्ला’, नपुंसकलिंगी ‘मिसेल्लुम’. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं: बापुडा, बापुडी, बापुडं. तिन्ही लिंगं आपल्याकडेही शाबूत आहेत, याचा किती आनंद झाला! रोमन कवी कातुल्लुस प्रेयसीच्या मेलेल्या चिमणीसाठी हाच शब्द वापरतो. हाक मारताना मात्र ‘मिसेल्ले’. शेवट तेवढा मऊ होतो.

लहानपणी आई माझ्या कपाळावरची ओली घडी बदलताना म्हणायची, “बापुडं गं माझं.” मी मुलगी, तरी नपुंसकलिंगी. का, ते कधी विचारलं नाही. घडीतून एक थेंब कानामागे ओघळायचा.

लॅटिनमध्ये चिमणी पुल्लिंगी आहे.