अडकलेली खिटी

लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या मोटारसायकलीच्या मागल्या चाकाच्या दोन्ही अंगांस दोन पेट्या असतात. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर दुतर्फा गोणी लादून मजल दरमजल करीत जात. त्या गोणींचाच हा नवा अवतार म्हणायला हरकत नाही. गोणीचे तोंड सुतळीने आवळीत. पेटीचे तोंड मात्र बोटाएवढ्या एका खिटीवर अवलंबून असते. झाकण मिटले, की त्यातील ही पोलादी खिटी पेटीच्या काठावरील खाचेत शिरते आणि एक बारीकशी स्प्रिंग तिला तेथेच रेटून धरते. चावी फिरवून बटण दाबले, की खिटी मागे सरते व झाकण मोकळे होते. एवढेच काय ते यंत्र! पण ते रुसले म्हणजे चांगल्या धडधाकट माणसांना कसे हतबल करून सोडते, ते मी एका मे महिन्यात पाहिले.

माझी आत्या देवगडला राहते. तिला काचबिंदूचा विकार आहे. या विकारात बहुधा डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाते. एकदा गेलेली दृष्टी पुन्हा येत नाही. म्हणून रोज रात्री ठरल्या वेळी औषधाचा एकेक थेंब तिला डोळ्यांत घालावा लागतो. तिची बाटली आदल्या रात्री संपली होती, आणि तेथील दुकानांत ते औषध मिळाले नव्हते. तेव्हा मी व माझा मित्र त्याच्या मोटारसायकलीवरून कोल्हापुराहून निघालो. ते औषध बाटली उघडेपर्यंत थंड ठेवावे लागते. म्हणून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ती जपून ठेवली आणि थर्मास डाव्या पेटीत ठेवला. गगनबावडा गेला, करूळचा घाट उतरलो, वैभववाडी मागे पडली. तळेऱ्याला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. बर्फ किती उरला ते पाहावे म्हणून मित्राने चावी लावली. चावी फिरली, पण बटण अर्ध्यावरच अडले.

मित्र अंगापिंडाने भक्कम. त्याने एका हाताने बटण दाबले आणि दुसऱ्या हाताने झाकण वर ओढले. झाकण हलले नाही. मग त्याने अधिक जोर लावला, आणि गंमत अशी, की जसजसा जोर वाढला तसतसे बटण अधिकच घट्ट झाले. चहाच्या टपरीवरील मंडळी भोवती जमली. फुकटचा सल्ला देण्यास आपल्याकडे कधी माणसे कमी पडत नाहीत. कोणी म्हणाला, पाना घालून उचका. कोणी हातोडी आणायला धावला. इकडे माझ्या डोळ्यांपुढे वितळणारा बर्फ दिसत होता.

शेजारीच सायकली दुरुस्त करण्याचे दुकान होते. तेथील वृद्ध कारागीर हात पुसत बाहेर आले. क्षणभर त्यांनी नुसते पाहिले व म्हणाले, “रवा हो! खेचू नकात. आधी दाबा.”

“काका, उघडायचे आहे, मिटायचे नाही,” मित्र जरा त्रासूनच म्हणाला.

काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी डावा तळहात झाकणावर टेकला, अंगाचा भार देऊन झाकण खाली रेटले, आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबले. ‘खट्’ असा आवाज झाला. झाकण उघडले!

यात जादू काहीच नव्हती. माझ्या मित्राला स्वतःच्या उशीवाचून झोप येत नाही. ती उशी त्याने पेटीत कोंबली होती व ती आतून झाकणाला वर ढकलीत होती. त्यामुळे खिटी खाचेच्या काठावर दाबली गेली होती. दोन वस्तू एकमेकींवर जितक्या जोराने दाबाव्यात तितके त्यांच्यामधील घर्षण वाढते. मित्र झाकण वर ओढीत होता, म्हणजे उशीलाच मदत करीत होता! काकांनी झाकण खाली दाबताच खिटीवरील भार गेला व ती सुखाने सरकली.

मी थर्मास उघडून पाहिला. बर्फाचे चार खडे शिल्लक होते. मी निघण्याची घाई केली. पण खिटीचे तोंड पाहिल्याशिवाय काका आम्हांला सोडीनात. तिच्यावर कधी तरी सढळ हाताने तेल घातलेले होते. रस्त्यावरील धूळ त्या तेलाला चिकटून तिचा काळपट चिखल झाला होता. काकांनी जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने डिझेल लावून तो चिखल काढला, फडक्याने खिटी कोरडी केली, आणि दुकानात अभ्यास करीत बसलेल्या नातवाकडे शिसपेन्सिल मागितली. तिचे टोक त्यांनी खिटीच्या दोन्ही अंगांवर घासले. थोडी भुकटी करून कुलपातही फुंकली.

शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? तिच्यात ग्रॅफाइट आणि माती असते. ग्रॅफाइटला लोक फार काळ शिशाचाच प्रकार समजत. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली तो कार्बन असल्याचे दाखवून दिले. पण नाव पडले ते पडलेच. ग्रॅफाइटचे अतिशय पातळ थर एकमेकांवरून सहज घसरतात. कागदावर अक्षर उमटते ते त्यामुळेच, आणि खिटी सरकते तीही त्यामुळेच. शिवाय ते कोरडे असल्याने तेलाइतकी धूळ धरीत नाही.

काकांनी वीस रुपये मागितले व ते मोजून घेतले. नातवाने पेन्सिलीचे बोथट टोक आम्हांला दाखवले, तेव्हा मित्राने खिशातील चाकूने त्याला ते नीट तासून दिले. उशी मात्र आता माझ्या मांडीवर आली.

देवगडला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. आत्या ओटीवर वाट पाहत बसली होती. मित्राने चावी फिरवली, झाकणावर तळहात टेकला आणि बटण दाबले. थर्मासमधील बर्फ पुरता वितळला होता, पण पाणी अजून चांगले गार होते.