शिक्षकाची सही

नियम करणें हा मनुष्याचा मोठा आवडता उद्योग आहे. आणि ते दुसऱ्यानें पाळावयाचे असले म्हणजे तर त्याचा उत्साह विचारूंच नये. गेल्या पावसाळ्यांत हा उद्योग आमच्या वाट्यास अनायासें आला. जुन्नर-आंबेगांवकडील मुलींना परिचारिकेचें शिक्षण देणाऱ्या एका लहानशा शाळेच्या चालकांनीं आम्हांस लिहिलें कीं, 'आपण सारा जन्म शिक्षकी केली आहे. तेव्हां आमच्या शिक्षकवर्गानें पाळावयाच्या नीतिनियमांचा मसुदा आपणच करून द्यावा.' अशा विनंतीनें कोणता निवृत्त शिक्षक विरघळणार नाहीं? आम्हीं एका बैठकींत बारा कलमें लिहून काढलीं. विद्यार्थिनींत भेदभाव करूं नये, त्यांच्याकडून घरचीं कामें करवून घेऊं नयेत, ठरल्याहून अधिक पैसा मागूं नये, नोकरीचीं पोकळ वचनें देऊं नयेत, रुग्णाचें गुपित चव्हाट्यावर आणूं नये, अशीं तीं कलमें होतीं. वाचून आमचें समाधान झालें. आपण लिहिलेल्या नीतीवर प्रथम आपणच प्रसन्न व्हावें, हा लेखकाचा जुना हक्कच आहे.

मसुदा धाडण्यापूर्वीं शाळा एकदां पाहावी म्हणून आम्ही जुन्नरास गेलों. आभाळ इतकें खालीं उतरलें होतें कीं, शिवनेरीचा माथा दिसत नव्हता. शाळा स्वच्छ होती, मुली चुणचुणीत होत्या. त्यांतल्या कित्येक पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या, महादेव कोळ्यांच्या घरच्या. भात लावून आणि हिरडा वेंचून ज्यांचें वर्ष निघतें अशा आईबापांच्या लेकी. शिकविणाऱ्या बाई कष्टाळू व प्रेमळ दिसल्या. त्यांनीं कौतुकानें एका विद्यार्थिनीची नोंदवही आमच्या हातीं दिली. किती गरोदर स्त्रियांची तपासणी केली, किती बाळंतपणें स्वतःच्या हातानें केलीं, याचा तपशील प्रत्येक मुलीला अशा वहींत लिहावा लागतो, आणि प्रत्येक नोंदीखालीं शिक्षिकेची सही असावी लागते. अक्षर मोत्यासारखें होतें. आम्ही कांहीं वैद्यकांतले नव्हे. तरी एका रकान्यावर आमची नजर अडली. पोटांतील बाळाच्या हृदयाचे ठोके, मिनिटास १४०. पुढच्या पानावर १४०. त्याच्या पुढच्याही पानावर १४०.

'बाई, तालुक्यांतल्या सगळ्या बाळांचीं हृदयें एकाच घड्याळाला लावलीं आहेत काय?' आम्हीं थट्टेनें विचारलें.

बाई हंसल्या नाहींत. खालीं पाहून म्हणाल्या, 'सर, आपल्यापासून काय लपवायचें? मुली जितक्या आहेत तितकीं बाळंतपणें आम्हांला मिळतच नाहींत. वही भरल्यावांचून परीक्षेला बसतां येत नाहीं. मग यांचें वर्ष बुडवूं का? आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन पाठविल्या आहेत हो.'

या प्रश्नाचें उत्तर आमच्या बारा कलमांत नव्हतें. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, बाईंना दोष देण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. आम्हीं पुष्कळ वर्षें शास्त्र शिकविलें. प्रयोगशाळेंत उपकरणें चार आणि मुलें चाळीस, अशी स्थिति असे. वर्ष संपत आलें म्हणजे प्रयोगवह्यांचा ढीग टेबलावर येई, आणि आम्ही एका बैठकींत त्या सर्वांवर सह्या करीत असूं. मुलांचा लंबक पाहावा तेव्हां गुरुत्वत्वरणाचें उत्तर ९८० च्या आसपासच देई. कारण तें आंदोलनें मोजून आलेलें नसून पुस्तकांतून उतरलेलें असे. हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांत कोणाचा जीव तर गेला नाहीं ना, असें म्हणून आम्ही मनाची समजूत घालीत आलों.

बाळाच्या ठोक्यांचें तसें नाहीं. ते मिनिटास ११० ते १६० असावेत असें वैद्यकशास्त्र सांगतें. ते मंदावले आणि मंदच राहिले, तर बाळ गुदमरत असल्याची ती हांक असते. घड्याळाकडे पाहून पुरें मिनिटभर ते मोजावे लागतात. जिला मोजण्याच्या आधीं १४० लिहावयास शिकविलें, तिला ती हांक कशी ऐकूं येणार? मुलीनें बाळंतपणें थोडीं पाहिलीं, ही उणीव पुढें भरून काढतां येईल. परंतु न पाहिलेलें पाहिलें म्हणून लिहितां येतें आणि त्याखालीं गुरूची सहीही मिळते, हा धडा एकदां अंगांत मुरला म्हणजे निघत नाहीं.

आणि ही मुलगी उद्यां जाणार कोठें? डोंगराळ व आदिवासी मुलखांत दर ३,००० वस्तीमागें एक आरोग्य उपकेंद्र असावें, असा सरकारी दंडक आहे. आहुप्याच्या बाजूस अशा एखाद्या ठिकाणीं ती पुष्कळदां एकटीच असेल. याच आंबेगांव तालुक्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांव दरडीखालीं गेलें, तेव्हां बाहेर ती बातमी कळली ती एसटीच्या एका चालकास नेहमींचें गांव दिसेनासें झालें म्हणून. अख्खें गांव नाहींसें होऊन जेथें कांहीं काळ कोणास पत्ता लागत नाहीं, तेथें वहींतला एक खोटा आंकडा कोण पाहणार? तेथें त्या मुलीवर देखरेख ठेवणारी एकच गोष्ट असते: आपल्या बाई कशा वागत, ही आठवण.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नांवानें १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. तेथें प्रत्येक विद्यार्थिनीच्या वर्तनाचा महिनेवार तक्ता ठेवीत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे त्यांत रकाने असत. कल्पना उत्तमच. पण विश्वासूपणाचा रकाना भरणारा हातच जर खोट्या नोंदीवर सही करून आलेला असेल, तर त्या रकान्यास किंमत ती काय उरली?

घरीं आल्यावर आम्हीं बारा कलमें बाजूस ठेविलीं व एकच लिहिलें: 'शिक्षकानें जें स्वतः पाहिलें नाहीं, त्याखालीं सही करूं नये.' मग ध्यानांत आलें कीं, जुन्या कलमांपैकीं बरींचशीं याच्याच पोटांत बसतात. पैशाची पावती, परीक्षेचे गुण, हजेरीचा पट, नोकरीची हमी देणारें माहितीपत्रक, या सर्वांच्या तळाशीं कोणाची ना कोणाची सही असतेच. आणि तेथें ती खरी राहिली, तर पुष्कळसा अधर्म आपोआप थांबतो.

मात्र हें कलम स्वस्त नाहीं. बाईंचा प्रश्न खरा होता, आणि त्याचा भार एकट्या बाईंवर टाकणें हा अन्याय झाला असता. म्हणून चालकांस आम्हीं सोबत लिहिलें कीं, 'जितक्या मुलींस शिकण्याइतके रुग्ण मिळतील, तितक्याच मुली घ्याव्या. अथवा जेथें रुग्ण आहेत तेथें मुलींस मुक्कामास धाडावें.' यांत नवीन कांहींच नाहीं. १९०९ सालीं पुण्यास निघालेल्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या काळीं, आपल्या मुली परिचारिकेचें काम शिकावयास ससून रुग्णालयांत धाडल्या होत्या. भल्या घरच्या स्त्रीनें परक्यांची शुश्रूषा करावी, हेंच ज्या काळीं लोकांस रुचत नव्हतें, त्या काळची ही गोष्ट. मुली कमी घेतल्या तर शाळेचें उत्पन्न घटेल, हें आम्ही जाणतों. पण ज्या नियमानें पाळणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, तो नियम नव्हे, सुभाषित होय.

चालकांचें उत्तर आलें. आमचीं पूर्वींचीं बारा कलमें त्यांस फारच आवडलीं. तीं चौकटींत घालून कचेरीत लाविलीं आहेत. तेराव्याविषयीं 'विचार चालू आहे.'

त्यानंतर महिन्याभरानें बाईंचें निराळें पाकीट आलें. पत्र चार ओळींचें होतें: मुलींच्या एका तुकडीस मोठ्या रुग्णालयांत पंधरा दिवस नेण्याची परवानगी त्यांनीं भांडून मिळविली होती. सोबत वहींतील एका पानाची नक्कल होती. रुग्णांचीं नांवें त्यांनीं झांकलीं होतीं. पहिल्या नोंदींत ठोके १३२, दुसरींत १४७. तिसरीपुढें आंकडा नव्हता. तेथें मुलीनें कांपऱ्या अक्षरांत लिहिलें होतें, 'मला ऐकूं आले नाहींत. बाईंना बोलाविलें.' आणि त्याखालीं बाईंची सही होती.