ससूनमधले दिवस

९ जानेवारी
अण्णांच्या मांडीचं हाड मोडलंय. दौंडजवळ मोटारसायकल घसरली. तिथल्या डॉक्टरांनी पायाला फळी बांधली आणि ‘ससूनला हलवा’ म्हणाले. सोलापूर, नगर, सातारा, कुठेही हेच ऐकू येतं. केस पेपर, एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या उरकून खाट मिळेपर्यंत रात्र झाली.

१० जानेवारी
सकाळी राउंड. पुढे सर, मागे रेसिडेंट, त्यांच्या मागे वह्या घेतलेली मुलं. सरांनी एका मुलीला विचारलं, “हाड मोडलंय, आधी काय बघशील?”
“पावलापर्यंत रक्त पोचतंय का ते.”
“मग बघ.”
थंडी होती. तिने तळहात एकमेकांवर घासून ऊब आणली, मग अण्णांच्या पावलावर दोन बोटं टेकवली. नाडी सापडेना. “सावकाश बघ पोरी, पाय कुठं पळतोय!” अण्णा म्हणाले. बोटं अंगठ्याच्या शिरेपासून जराशी बाहेर सरकली आणि थबकली. तिचा चेहरा खुलला. सर पुढच्या खाटेशी पोचले तरी ती मोजतच होती.

पुण्यातल्या महागड्या दवाखान्यांत आपण ज्यांच्यासाठी ताटकळतो, त्यांतल्या कितीतरी डॉक्टरांचा हात अशाच कुणा अण्णांच्या अंगावर बसला आहे. ते ऋण आपण मोजत नाही.

११ जानेवारी
दुपारी जुन्या दगडी इमारतीपाशी बराच वेळ उभा होतो. डेव्हिड ससून बगदादचे ज्यू, मुंबईत व्यापाराने मोठे झाले. घराण्याच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही लिहून ठेवायला हवं. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. ते स्वतः १८६४ मध्येच पुण्यात वारले. आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, ‘लाल देऊळ’ म्हणतात त्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचाही त्यांचाच. १८७८ मध्ये बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आली आणि रुग्णालयाला विद्यार्थी मिळाले. १९४६ मध्ये शाळेचं कॉलेज झालं. अनिल अवचट, जब्बार पटेल, मोहन आगाशे, सगळे बी. जे.चेच.

१२ जानेवारी
१९२४ मध्ये याच तारखेच्या रात्री गांधीजींचं ॲपेंडिक्स इथे काढलं. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना आणलं होतं. कैद्याचं काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता, म्हणून मवाळ नेते श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर गांधीजींनी संमतीवर सही केली. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया सुरू केली. बाहेर वादळ, मध्येच वीज गेली, नर्सच्या हातातला टॉर्चही विझला. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं. ज्यांच्या सत्तेविरुद्ध लढायचं त्यांच्याच सर्जनच्या हाती निःशंक पोट सोपवायचं, हे मला त्या रात्रीतलं सर्वांत मोठं वाटतं.

१४ जानेवारी
ऑपरेशन झालं, रॉड टाकला. नाडीवाली मुलगी संध्याकाळी ड्यूटी नसताना येऊन पाऊल बघून गेली. अण्णांनी तिला तिळगूळ दिला.

१६ जानेवारी
तिच्याशी बोललो. पहिल्या वर्षी ती मृतदेहावर शिकली. १९४९ च्या शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळू शकतात. म्हणजे ज्यांना रडायला कोणी नव्हतं, त्यांनीही आपले डॉक्टर घडवले. आता हा वाटा सुस्थितीतल्या घरांनी उचलावा. देहदानाचा अर्ज बी. जे.च्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. मी भरला आहे. तुम्हीही भरा, पण आधी घरच्यांशी बोला; आपल्यामागे ते तयार नसतील तर नुसत्या अर्जाने काही होत नाही.