ओल आणि ओलावा

मराठीत कोरडेपणाची बाजू घेणारे शब्द फारसे नाहीत. कोरडे बोलणे, कोरडी सहानुभूती, कोरडे पांडित्य हे सारे निंदेचे शब्दप्रयोग. उलट ओलावा म्हणजे माया, जिव्हाळा. पावसाचा भरवसा नसलेल्या पठारावरील भाषेने पाण्याला असा मान द्यावा, हे स्वाभाविकच आहे. खानदेशात तर मातीत बोट खुपसून पेरणीजोगी ओल झाली की नाही हे पाहणारी माणसे घरोघरी आहेत. मात्र याच प्रदेशातील स्वयंपाकघरांत आणि ग्रंथभांडारांत कोरडेपणाचीही एक परंपरा आहे. तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मलाही ती उमगली ती एका चालत्या घरात राहू लागल्यानंतरच.

हे चालते घर म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आम्ही पतिपत्नी निवृत्त शिक्षक. मागची आसने काढून तिथे दोन झोपण्याच्या फळ्या, एक ओटा आणि वह्यांसाठी कप्पे करून घेतले आहेत. जळगावहून निघून एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री या वाटेने आम्ही अहिराणीतील जात्यावरच्या ओव्या टिपत फिरतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांना एक प्रतिष्ठित नाव मिळाले आहे. अर्थात फिरता संसार आपल्याकडे नवा नाही. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत, आणि पावसाळा कुठे काढायचा याचा त्यांचा हिशेब ओलीवरच ठरतो; कारण सततच्या चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात. त्यांच्या खांद्यावरची घोंगडीही या विद्येचाच भाग म्हटली पाहिजे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. आमच्या पत्र्याच्या गाडीला हा गुण नाही.

पत्र्याच्या घरात राहू लागले की पहिला समज असा होतो की ओल बाहेरून येते, म्हणून काचा घट्ट लावाव्यात. हा समज तपासण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. आमच्या गाडीच्या आत सुमारे १२ घनमीटर हवा मावते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे सबंध गाडीची क्षमता साधारण पावणेतीनशे ग्रॅमची. पावसाळी रात्री बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० टक्के असेल, तर शिल्लक जागा उरते ती फक्त ५५ ग्रॅमची. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोघांच्या श्वासांनी ही जागा तासाभरात भरून जाते. त्यानंतरचे पाणी थंड पत्र्यावर, काचेवर आणि गादीच्या खालच्या बाजूला जमते. आत गॅसवर स्वयंपाक केला तर त्यात आणखी भर पडते, कारण एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपाने तयार होते. पहाटे काचेवरून ओघळणारे थेंब पावसाचे नसतात. ते आपलेच असतात.

यावरचे उपाय साधेच आहेत. पुढची एक आणि मागची एक अशा समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर दोन बोटे उघड्या ठेवायच्या. छताला हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा असल्यास उत्तम. स्वयंपाक शक्यतो बाहेर, ताडपत्रीखाली करायचा. आत करावा लागलाच तर खिडक्या उघडूनच, कारण बंद जागेत गॅस जाळणे जिवाशी खेळणे आहे. ओल्या छत्र्या आणि कपडे आत वाळत घालायचे नाहीत. उघड्या पत्र्यावर फोमचा थर हवा, आणि गादीखाली हवा खेळायला हवी. आमच्या आजोळच्या अंगणातील सुंभाने विणलेली बाज हे काम आपसूक करत असे. गाडीत त्यासाठी सलग प्लायवूड काढून फटींच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

मात्र खिडकी उघडण्याच्या उपायालाही ऋतूची मर्यादा आहे. जानेवारीत धुळ्याजवळ थंडी कडाक्याची असते, पण बाहेरची हवा कोरडी असते. काच किंचित उघडली की आतले दव तासाभरात नाहीसे होते. ऑगस्टमध्ये कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरकडे गेले की बाहेरची हवाच भिजलेली असते. तिथे खिडकी उघडून आतली हवा फार तर बाहेरच्याइतकी होईल, तिच्याहून कोरडी होणार नाही. हे खानदेशातील प्रत्येक घराला वेगळ्या रीतीने माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा ज्या कूलरवर सारे घर जगते, तोच कूलर मृगाच्या सरी आल्या की निरुपयोगी होतो, कारण हवेत पाणी घ्यायला जागाच उरत नाही.

कागदाच्या दृष्टीने धोका इथेच असतो. हवेची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. २०२२ च्या पावसाळ्यात नवापूरच्या अलीकडे एका वृद्ध बाईंनी आम्हाला २३ ओव्या सांगितल्या. ध्वनिमुद्रण त्यांना नको होते; आवाज पेटीत घालू नकोस, लिहून घे, असे त्यांचे म्हणणे. ती वही झोपण्याच्या फळीखालच्या कप्प्यात होती. कप्पा करणाऱ्या कारागिराने त्याला हवेसाठी एकही भोक ठेवले नव्हते आणि त्याची मागची बाजू थेट पत्र्याला टेकली होती. आठ दिवसांनी वही काढली तेव्हा पाने एकमेकांना चिकटलेली होती. बॉलपेनने लिहिलेले बरेच टिकले, कारण त्याची शाई तेलकट असते. जेल पेनने लिहिलेल्या ओळी निळे डाग होऊन पसरल्या होत्या. १४ ओव्या वाचता आल्या. उरलेल्या ९ पुन्हा विचाराव्यात म्हणून दिवाळीनंतर गेलो, तर बाई आश्विनातच गेल्याचे कळले. घरातल्या सुनेला त्यांपैकी दोन ओव्या अर्ध्यामुर्ध्या आठवत होत्या.

त्यानंतर धुळ्यातील ग्रंथभांडारांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव फिरून माळ्यांवरच्या, पेट्यांतल्या कागदपत्रांचा शोध घेत. त्यांच्या साधनखंडांपैकी पहिला १८९८ मध्ये निघाला. त्यांचे निधन धुळ्यात झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठ पालथे घालून हस्तलिखिते जमवली. ही भांडारे धुळ्यात आली ती या माणसांच्या ध्यासामुळे, हवामानामुळे नव्हे. आपण मात्र त्यांनी काय मिळवले एवढेच अभ्यासतो. मिळवलेले वाटेत कसे सांभाळले असेल, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात कधी निघत नाही. जुने लेखनिक मात्र तो विसरत नसत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचवा, अशी विनवणी ते पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडी घालत.

लोकसाहित्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. ओवी ही श्वासाची निर्मिती. जात्याच्या फेऱ्याबरोबर दम जिथे तुटतो तिथे तिचा चरण तुटतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी आज आपल्यापाशी आहेत, कारण घरातल्या माणसांनी ती कागदावर उतरवून घेतली. १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. म्हणजे श्वासातून आलेल्या गोष्टीला टिकण्यासाठी कागद लागतो, आणि त्या कागदाला बंद जागेत सर्वांत मोठे भय असते ते श्वासाचेच. अहिराणी ओवीतला ओलावा जपायचा तर वहीला ओल लागू देता कामा नये. आपली भाषा ज्या कोरडेपणाला नावे ठेवते, त्याच्याच आश्रयाने तिचे जुने शब्द टिकले आहेत.

आमच्या आया-आज्यांना हे निराळे सांगावे लागत नव्हते. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, बिबड्या उन्हात खडखडीत वाळवून त्या डब्यात भरत आणि पावसाळाभर ओल्या हाताने कोणाला डब्याला शिवू देत नसत. वाळवणे म्हणजे पुढच्या दिवसांसाठी राखणे, एवढा साधा अर्थ त्यामागे होता. गाडीत आता वह्यांची व्यवस्था त्याच धर्तीवर आहे. माणसांसाठी खिडक्या उघड्या, कागदांसाठी डबा बंद. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात वह्यांबरोबर सिलिका जेलच्या पुरचुंड्या असतात. त्यांचा रंग पालटला की दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. लिहिणे बॉलपेननेच होते. प्रत्येक पानाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी घेतले जाते, आणि दुसऱ्या गावी निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या ओव्यांची एक नक्कल सांगणाऱ्या बाईंच्या घरी ठेवली जाते. घरचे लोक ती बहुधा धान्याच्या कोठीजवळ, घरातल्या सर्वांत कोरड्या कोपऱ्यात ठेवतात.